एका पिकअपचे दोष

मला पिकअपची काहीएक गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटीत होतो. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या कागदावर लिहायच्या आणि खाली सही ठोकायची, याचा मला पगार मिळत होता. डबा आणि छत्री यापलीकडे मला कुठे काही वाहून न्यायचं नसायचं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "पिकअप म्हणजे टेम्पोच ना? भाजी विकायला बसणार आहेस का तिकडे?"

ही गोष्ट २०११ ची. कॅरिगलाइनमध्ये आम्ही तीन मराठी पोरं एक घर भाड्याने घेऊन राहत होतो. पोरं म्हणायचं आपलं, तिघेही पस्तिशीला टेकलेले. मग मंदीचा फटका आमच्यापर्यंत पोचला. एकाचं कंत्राट संपलं, तो पुण्याला परत गेला. दुसऱ्याने कॅनडात नोकरी पकडली आणि जाताना आपली गाडी विकून टाकली, तिच्यातूनच आम्ही सगळे कामावर जायचो. त्या तीन बेडरूमच्या घरात मी एकटा उरलो, आणि किचनच्या कपाटात तीन जणांचे तीन कुकर. घर सोडून लहान जागा बघायला हवी होती. ते मी रोज उद्यावर ढकलत होतो.

सोमवार ते शुक्रवार बरं चालायचं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात कोणीतरी "वीकेंड मजेत जाऊ दे" म्हणायचं, आणि तिथून सोमवार सकाळपर्यंत माझ्या तोंडून फक्त एक "थँक्यू" निघायचं, तेही गावाबाहेरच्या दुकानातल्या बाईला, दूध घेताना. एका रविवारी आईचा फोन आला आणि माझा आवाजच फुटेना. तिला वाटलं सर्दी झाली. हळद-दूध घे म्हणाली. सर्दीबिर्दी काही नव्हती, दोन दिवस मी तो आवाज वापरलाच नव्हता.

म्हणून मी शनिवारी चालायला जायला लागलो. दुकानावरून पुढे एक अरुंद रस्ता खाडीकडे जातो. त्या रस्त्यावर जुलैमधल्या एका शनिवारी मला एका घराच्या अंगणात तो पिकअप दिसला. कधीकाळी लाल असावा. काचेमागे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हाताने लिहिलं होतं, विकणे आहे. मी सहज थांबलो. थांबलो म्हणून घरातून एक म्हातारा बाहेर आला. उंच, किंचित वाकलेला, आणि उन्हाळ्यातसुद्धा अंगात लोकरीचा स्वेटर.

"बघायचाय?" त्याने विचारलं.

नाही म्हणालो असतो तर तो आत गेला असता आणि मी पुढे चालू लागलो असतो. मी हो म्हणालो.

त्याने बोनेट उघडलं. इंजिनातलं मला तितकंच कळतं जितकं सांगलीच्या कुठल्याही केमिस्ट्रीच्या पदवीधराला कळावं. पण जुनी वस्तू विकत कशी घ्यायची ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण माझ्या वडिलांनी ते माझ्यासमोर करून दाखवलं होतं. त्यांनी एक जुनी स्कूटर अकरा खेपा घालून घेतली होती. वस्तू आवडली तरी चेहऱ्यावर दिसता कामा नये. प्रत्येक खेपेला एक नवा दोष काढायचा, जास्त नाही, एकच. विकणाऱ्याने चहा दिला तर प्यायचा आणि "बघतो" म्हणून उठायचं. समोरचा कंटाळला की भाव आपोआप खाली येतो. कौतुक करणारं गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्या मते अर्धा लुटलेला माणूस होता.

तेव्हा मी त्या पिकअपभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी वाकलो आणि म्हणालो, "सायलेन्सरला भोक आहे."

"आहे," म्हातारा म्हणाला. "चहा घेतोस?"

चहा घेताना कळलं की पिकअप मुलाचा. मुलगा घरं बांधायचा, सुतारकामाचा ठेकेदार होता. बांधकामं बंद पडली तसा तो दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला, बायकापोरांना घेऊन. पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी म्हणाला होता. आता फोनवर म्हणाला, विकून टाक बाबा, मी काही येत नाही. म्हाताऱ्याची बायको त्याआधीच वारलेली. जमीन त्याने शेजाऱ्याला कसायला दिली होती. हे सगळं त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं आणि मला बिस्किट घे म्हणाला.

निघताना मी एक शहाणपणा केला. या माणसाचा आपण तासभर फुकट घेतला, त्याला वाटेल हा नुसता टाइमपास करून गेला, म्हणून मी खिशातून वीस युरोची नोट काढून त्याच्या हातात दिली. इसार. आमच्याकडे इसार देण्यात दोन्ही बाजूंचं समाधान असतं. देणाऱ्याचा विचार बदलला तर इसार बुडतो, व्यवहार मोडतो, कोणी कोणाचं तोंड बघायचं थांबत नाही. त्याने नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ दाबला. नोट त्याने फडताळावरच्या पाण्याच्या जगाखाली ठेवली. मला वाटलं, भला माणूस, किती छान निरोप देतोय.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो. सायलेन्सर दुरुस्त झाला होता. त्याने शेडमध्ये स्वतः वेल्डिंग केलं होतं, आणि ते दाखवायला तो मला हाताला धरून गाडीखाली वाकवत होता. काचेमागचा पुठ्ठा दिसला नाही. पावसाने भिजून पडला असेल असं मी धरून चाललो.

"हँडब्रेक लागत नाही नीट," मी म्हणालो.

"लागत नाही," तो म्हणाला. "करतो."

आता माझं घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. वडिलांच्या पद्धतीने भाव उतरायला हवा होता. भाव तर मी विचारलाही नव्हता. मला फक्त पुढच्या शनिवारचं कारण हवं होतं, आणि प्रत्येक दोष म्हणजे एक शनिवार होता. शुक्रवारी संध्याकाळी बसमधून घरी येताना मी उद्या काय काढायचं याचा विचार करत असे आणि मला मनापासून बरं वाटत असे. जुलैत हँडब्रेक झाला. ऑगस्टमध्ये वायपर, डाव्या दाराची कडी, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यातलं तुटलेलं एक पान. सप्टेंबरमध्ये मी चाकावरच्या गंजलेल्या पत्र्याला बोट लावलं आणि बोट आरपार गेलं. त्या पत्र्यावर आमचे तीन शनिवार गेले. तो कापायचा, मी धरायचो. अंगणात बोनेटशेजारी उभं राहून आम्ही पाऊस येईपर्यंत बोलत असू, आणि पाऊस आला की शेडमध्ये उभं राहून पाऊस जाईपर्यंत.

किती बोललो आम्ही. तो बोलायचा बोल्टकडे बघत, मी ऐकायचो पान्याकडे बघत. बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल तो एका गंजलेल्या नटशी झगडताना बोलला. मी लग्नाबद्दल बोललो, म्हणजे ठरून मोडलेल्या लग्नाबद्दल, जे मी माझ्या दोन घरसोबत्यांनाही कधी धड सांगितलं नव्हतं. "हं," तो म्हणाला, "तो दहा नंबरचा दे." मी दिला. मला त्याहून जास्त काही नको होतं.

कारखान्यात एकाने विचारलं, शनिवारी काय करतोस? मी म्हणालो, एक पिकअप घ्यावा की नाही ते ठरवतोय. तीन महिने? हो, म्हटलं, घाई करू नये. तो हसला. त्याला मी फार विचारी वाटलो असेन.

ऑक्टोबरच्या अखेरीला मला दोष सापडेनासे झाले. हा माझा धंदा असूनसुद्धा. एका शनिवारी मी सीटला कुत्र्याचा वास येतो म्हणालो, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पुढच्या आठवड्यात त्याने सीट धुऊन, वाळवून, वर जुनी जाड चादर शिवून बसवली होती. टाके मोठे मोठे होते. त्याच्या बोटांना एवढीशी सुई धरायची सवय नव्हती, हे उघड दिसत होतं.

त्या दिवशी परत येताना मी दुकानात दूध घ्यायला शिरलो. एरवी माझ्याशी "थँक्यू"पलीकडे न बोलणारी बाई काउंटरवर हात टेकून म्हणाली, "पिकअपवाला इंडियन माणूस तो तूच ना?"

चोराच्या मनात चांदणं. मी विचारलं, "का?"

"मी त्याची मेहुणी. त्याची बायको माझी बहीण." तिने दुधाची बाटली पुढे सरकवली. "किन्सेलचा एक माणूस दोनदा येऊन गेला रे. रोख पैसे घेऊन. हा दाखवेचना. म्हणाला, विकला गेलाय, त्या माणसाने हातात पैसे ठेवलेत. फक्त गाडी त्याच्या मनासारखी व्हायची वाट बघतोय."

मी खिशातली नाणी मोजू लागलो.

"लवकर घेऊन जा बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "सकाळी उठून तो किचनमध्ये येतो, खिडकीतून गाडी दिसते आणि क्षणभर त्याला वाटतं पोरगा आलाय. रोज. दोन वर्षं झाली. ती एकदा अंगणातून गेली की सुटेल तो."

दुधाची बाटली घेऊन मी तसाच घरी गेलो. माझा इसार म्हणजे माझ्या लेखी वीस युरोंत विकत घेतलेला भिडस्तपणा होता. त्याच्या लेखी तो शब्द होता. हातावर पैसे पडले, हात मिळवला, वस्तू गेली. तिथे इसार बुडत नाही, माणूस बुडतो. आणि मी, शहाणा, दर शनिवारी जाऊन त्याच्या मुलाच्या गाडीत खोट काढत होतो आणि तो ती निमूट भरून काढत होता. मी माझे शनिवार घालवले आणि त्याच्या सकाळी मात्र तशाच ठेवल्या. त्या आठवड्यात ऑफिसात मी दुसऱ्याच्या एकाही कागदावर चूक काढली नाही.

ठरवलं, घ्यायचा. पिकअपचं मी काय करणार होतो, देव जाणे. माझं कंत्राट मार्चपर्यंत होतं, इन्शुरन्सवाल्याने फोनवर सांगितलेला आकडा ऐकून मी दोनदा विचारलं होतं, आणि आईचं भाजीचं बोलणं होतंच. पण दिलेला शब्द, मग तो आपल्याला न कळता दिलेला का असेना, पाळायला हवा असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, घेतला तर निदान त्याच्यासमोर मान वर करून उभा राहता येईल.

नोव्हेंबरमधल्या त्या शनिवारी मी पोचलो तेव्हा पिकअप धुतलेला होता. किल्ली लावलेलीच होती. आम्ही दोघे खाडीपर्यंत जाऊन आलो, मी चालवत, तो शेजारी. गाडी सुरेख चालली. गिअर पडत होते, ब्रेक लागत होता, वायपर फिरत होता. परत अंगणात आलो, इंजिन बंद केलं, आणि मी म्हणालो, "मी घेतो."

त्याने मान हलवली. मग समोरच्या काचेतून बघत विचारलं, "मागे काय ठेवणार आहेस?"

चार महिन्यांत हे त्याने कधीच विचारलं नव्हतं. मी खोटं तयार ठेवायला हवं होतं. बागकामाचं सामान, मित्राचं घर हलवायचंय, काहीही. पण इतके शनिवार त्या माणसाशी खरं बोलून माझी सवय बिघडली होती.

"काही नाही," मी म्हणालो. "मला गाडी नको आहे. मला शनिवारी कुठेतरी जायला हवं होतं."

त्याने दुरुस्त केलेली दाराची कडी एकदा वर-खाली करून पाहिली. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"एवढंच?" तो म्हणाला. "मग चहा तर मी तसाही केला असता."

त्याने आत जाऊन जगाखालची नोट आणली आणि माझ्या खिशात घातली. मी त्या किन्सेलच्या माणसाबद्दल बोललो, माफी मागितली. तो म्हणाला, त्याला फोन करतो, त्यात काय. आणि दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाला, "पुढच्या शनिवारी ये. गाडी असो नसो."

मी घरी अक्षरशः तरंगत गेलो. कोणीतरी आपल्याला कारणाशिवाय बोलावलंय, हे या देशात चार वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं.

पुढच्या शनिवारी अंगण रिकामं होतं. मी केक घेऊन गेलो होतो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही किचनमध्ये टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो, आणि मला कळलं की या माणसाच्या चेहऱ्याकडे मी कधी नीट बघितलेलंच नाही. त्याचे डोळे घारे होते. त्याने विचारलं, इंडियात आता थंडी असते का? मी सांगितलं, थोडी. मी विचारलं, इथे यंदा बर्फ पडेल का? तो म्हणाला, सांगता येत नाही. मग आम्ही केक खाल्ला. हातांना काही काम नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघेही कप सारखा उचलून खाली ठेवत होतो. अर्ध्या तासाने मी म्हणालो, निघतो, काम आहे. माझं कसलं काम.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने पेपरातलं एक कात्रण काढून ठेवलं होतं. आमच्याकडच्या वाघांबद्दल होतं. माझ्याशी बोलायला म्हणून त्याने आठवडाभर ते जपलं असणार. मी म्हणालो, आमच्या सांगलीकडे वाघ नसतात. तो म्हणाला, अच्छा. मला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. काय बिघडलं असतं वाघ असतात म्हणालो असतो तर? लहानपणी एक बघितला होता म्हणून सांगितलं असतं, त्याने चार प्रश्न विचारले असते. पण मला चूक दिसली की दुरुस्त करायची खोड. ते कात्रण तिथेच टेबलावर पडून राहिलं, आणि आम्ही पाऊस बघत बसलो.

तिसऱ्या शनिवारी मी गेटपर्यंत गेलो. किचनमधला दिवा लागलेला होता. खिडकीतून टेबल दिसत होतं, त्यावर दोन कप, आणि कापडाने झाकलेली एक बशी. तो पाठमोरा, किटलीपाशी उभा होता. मी गेटला हात लावला. आज काय बोलायचं याचा मी चालताना पूर्ण रस्ताभर विचार केला होता आणि मला तीन गोष्टी सुचल्या होत्या. तिन्ही मिळून दहा मिनिटांच्या होत्या. मी हात काढून घेतला आणि परत फिरलो. रस्त्याच्या वळणापर्यंत मी मागे पाहिलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तो मला दुकानात भेटला. मेहुणीपाशी उभा राहून पेपर घेत होता. मी निसटायला बघत होतो, पण दुकान केवढं असणार. त्याने मला पाहिलं, जवळ आला, आणि माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "ते गेट हल्ली जड लागतंय. थंडीत बिजागरी धरते. तेल घालून ठेवतो."

म्हणजे त्याने बघितलं होतं. काचेत दिसलं असेल, किंवा पावलं ऐकली असतील. बघितलं होतं आणि आठवडाभर विचार करून माझ्यासाठी हे निमित्त शोधून काढलं होतं.

"हो," मी म्हणालो. "जरा जड लागलं खरं."

"करून ठेवतो मग," तो म्हणाला. "ग्रँड." इकडे "ठीक आहे"ला हेच म्हणतात.

गेटला काहीही झालेलं नव्हतं. बोटाने ढकललं तरी उघडायचं ते. जानेवारीत मला ब्लँचर्डस्टाउनला नोकरी लागली आणि मी कॉर्क सोडलं. जाईपर्यंत मध्ये चार शनिवार होते. चारही शनिवारी मी घरीच होतो.